विमानांच्या शर्यती व त्यांचा हेतु



यंदाच्या क्रीडादिनीं शंभर मीटरांची शर्यत सुरू व्हावयाच्या ऐन वेळीं एक लहानशी गोष्ट घडली. मुलें चुन्याच्या रेषेवर वांकून उभीं होतीं, शिट्टी शिक्षकांच्या ओठांशीं गेली होती, इतक्यांत मुंबईच्या विमानतळाकडे उतरत जाणारें एक विमान डोक्यावरून गेलें, आणि आमचे निम्मे धावपटु शिट्टीचें भान विसरून आकाशाकडे पाहत राहिले. शर्यत अर्थातच पुन्हां घ्यावी लागली. ती संपल्यावर सहावींतील एक विद्यार्थी धापा टाकीत आमच्याजवळ आला व म्हणाला, "सर, विमानांच्या पण शर्यती होतात का? आणि होत असतील तर कशाला?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं तेथल्या तेथें दिलें. दुसर्‍याचें मात्र घरीं जाऊन विचार केल्यावांचून देतां येईना. ‘कशाला?’ हा शब्द मुलें सहज उच्चारितात, पण त्यानें मोठ्यांची पंचाईत होते. ज्या शर्यतींत आम्ही तुम्हांस रोज धांवावयास लावितों ती तरी कशाला, असें त्यानें विचारलें असतें तर आम्हीं काय सांगितलें असतें? प्रस्तुत लेख हें त्या मुलास दिलेलें उशिराचें उत्तर आहे. आणि तें शोधतांना विमानांच्या शर्यतींचा इतिहास आम्हांस फार उपयोगी पडला.

विमान ही वस्तु आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या भागास अपरिचित नाहीं. मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी येथें दुसर्‍या महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें धावपट्टी बांधली. ती शर्यतीसाठीं नव्हती, लढाईसाठीं होती. तिजकरितां ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकरी कुटुंबांनीं २०१७ च्या जून महिन्यांत केलेलें आंदोलन पुष्कळ पालकांच्या स्मरणांत असेल. विमान उडतें आकाशांत, पण त्याची पहिली धांव जमिनीवरच व्हावी लागते, आणि ती जमीन कोणाची तरी असते, ही गोष्ट येथील लोकांस पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं. म्हणून ‘कशाला?’ या प्रश्नाबरोबर ‘कोणाच्या मोलानें?’ हा प्रश्नहि आम्ही आरंभींच मांडून ठेवितों.

आतां शर्यतींकडे वळूं. राइट बंधूंचें पहिलें उड्डाण १७ डिसेंबर १९०३ रोजीं झालें. तें अवघें बारा सेकंदांचें होतें. त्यानंतर सहा वर्षें पुरीं होतात न होतात तोंच, १९०९ च्या ऑगस्ट महिन्यांत, फ्रान्समधील र्‍हीम्स शहराजवळच्या मैदानांत विमानांचा पहिला मोठा मेळावा भरला. तो आठ दिवस चालला. मैदानांत उंच खांब उभे करून दहा किलोमीटरांचा फेरा आंखला होता, आणि वैमानिकानें त्या खांबांना वळसा घालून कमींत कमी वेळांत यावयाचें, असा नियम होता. आपल्याकडे बैलगाड्यांची शर्यत पाहण्यास जशी गांवेंच्या गांवें लोटतात, तशी तेथें माणसांची दाटी झाली. ‘गॉर्डन बेनेट चषका’साठीं दोन फेरे, म्हणजे वीस किलोमीटर अंतर होतें. फ्रान्सचा ब्लेरिओ हा एकच महिन्यापूर्वीं इंग्लंडची खाडी ओलांडून कीर्तीच्या शिखरावर बसला होता. आणि अमेरिकेहून ग्लेन कर्टिस नांवाचा एकटा गृहस्थ आपलें लहानसें विमान घेऊन आला होता. कर्टिसनें तें अंतर सोळा मिनिटांच्या आंत कापलें. ब्लेरिओ त्याच्या मागें राहिला तो केवळ सुमारें सहा सेकंदांनीं! कर्टिसचा वेग तासाला सुमारें पंचाहत्तर किलोमीटर पडला. आमची लोकल गाडी मोकळ्या मार्गावर याहून जोरानें धांवते. परंतु त्या काळीं हें पाहून लोकांनीं हॅट हवेंत उडविल्या.

केवळ करमणूक हाच या मेळाव्याचा हेतु असता तर आठ दिवसांनंतर तेथें चिखलावांचून कांहीं उरलें नसतें. पण उरलें. त्या काळच्या इंजिनांचें दुखणें हें कीं, तीं थोड्याच वेळांत तापून बंद पडत. र्‍हीम्स येथें आंरी फार्मान यानें आपल्या विमानास ‘नोम’ नांवाचें नव्या तर्‍हेचें इंजिन बसविलें होतें. त्याचे सिलिंडर स्वतःच गरगर फिरत व वार्‍यानें थंड होत. त्यांस थंड ठेवण्यासाठीं पाण्याचें ओझें वाहावें लागत नसे. या इंजिनाच्या जोरावर तो तीन तासांहून अधिक काळ उडत राहिला व त्यानें १८० किलोमीटर अंतर काटलें. हें सर्वांच्या देखत घडलें. दुसर्‍यांचे कारागीर तेथेंच उभे होते. त्यांनीं तें पाहिलें, समजून घेतलें, आणि पुढें कित्येक वर्षें तें इंजिन देशोदेशींच्या विमानांत बसविलें गेलें. बक्षीस एकाला मिळालें, पण ज्ञान सर्वांना मिळालें. शर्यतीचा खरा हेतु आम्हांस येथें प्रथम दिसतो. एकटा मनुष्य आपल्या छपरींत दहा वर्षांत जें शिकला नसता, तें दहा जण एका मैदानांत आठ दिवसांत शिकले.

आपल्या देशांतहि विमान प्रथम प्रदर्शनांतच आलें. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या वेळीं आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें घेऊन यमुना ओलांडली व तीं नैनी येथें पोहोंचविलीं. अंतर दहा किलोमीटरांच्या आसपास. पण जगांतील पहिली अधिकृत विमानटपाल ती हीच. या टपालासाठीं लोकांनीं जे जादा पैसे भरले, ते तेथील विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहास देण्यांत आले. ज्या खेळाकडे लोक चमत्कार म्हणून पाहत होते, त्यांतून कोणा दूरच्या गांवाहून शिकावयास आलेल्या मुलाच्या डोक्यावर छप्पर आलें, ही गोष्ट आम्हांस त्या उड्डाणाइतकीच मोलाची वाटते.

पाण्यावर उतरणार्‍या विमानांसाठीं झाक श्नायडर या फ्रेंच गृहस्थानें एक चषक ठेविला होता. त्याची पहिली शर्यत १९१३ सालीं मोनॅको येथें झाली. जो देश पांच वर्षांत तीनदां जिंकेल त्याच्याकडे चषक कायमचा राहावा, अशी अट होती. १९२३ सालीं अमेरिका जिंकली. १९२४ ची शर्यत अमेरिकेंतच व्हावयाची होती. परंतु युरोपांतील एकाहि देशाचें विमान त्या वर्षीं तयार होऊं शकलें नाहीं. नियमाप्रमाणें अमेरिकेच्या वैमानिकानें एकट्यानें त्या मार्गावरून उडून यावें व विजय आपल्या नांवीं लावावा, यास कोणाचीच हरकत नव्हती. अमेरिकेनें तसें केलें नाहीं. शर्यत पुढें ढकलली. १९२५ सालीं ती पुन्हां जिंकली. म्हणजे मधल्या वर्षीं ती एकटी उडाली असती, तर चषक कायमचा तिच्या घरीं गेला असता. पुढें तो तिला कधींच मिळाला नाहीं.

१९३१ सालीं तीच वेळ इंग्लंडवर आली. इटली व फ्रान्स यांचीं विमानें तयार झालीं नाहींत. इंग्लंडनें एकट्यानें मार्ग काटला, तासाला ३४० मैलांचा वेग दाखविला, आणि तिसरा विजय मिळवून चषक कायमचा नेला. यांत नियमभंग मुळींच नव्हता. ज्या मिचेलनें तें विमान आंखलें होतें, त्यानेंच पुढें या अनुभवाच्या आधारें ‘स्पिटफायर’ हें लढाऊ विमान निर्माण केलें. तेव्हां ती शर्यत व्यर्थ गेली असेंहि म्हणतां येणार नाहीं. तरी पण वाचकांनीं स्वतःच्या मनाला विचारावें: या दोन वर्षांपैकीं कोणतें वर्ष आपल्या मुलांस सांगावेंसें वाटतें? चषक घेतला तें, कीं सोडला तें?

शर्यतीची दुसरी बाजूहि लपवून ठेवणें योग्य नाहीं. १९२७ सालच्या मे महिन्यांत लिंडबर्गनें एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडला आणि सार्‍या जगाला उड्डाणाचें वेड लागलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें अननसांचे मोठे व्यापारी जेम्स डोल यांनीं कॅलिफोर्नियापासून हवाई बेटापर्यंत विमानांची शर्यत जाहीर केली. खालीं अफाट पाणी, आणि शोधावयाचें एक लहानसें बेट! पुष्कळांची तयारी अपुरी होती, पण बक्षीस मोठें होतें व तारीख ठरलेली होती. आठ विमानें निघालीं, पैकीं दोनच पोहोंचलीं. शर्यतीपूर्वींचे अपघात, शर्यत व नंतरचा शोध हें सर्व धरून दहा जीव गेले. त्यांत मिल्ड्रेड डोरन ही बावीस वर्षांची तरुणी होती. ती विमान चालवीत नव्हती, उतारू म्हणून बसली होती. आणि ती मिशिगनमधील एका शाळेंत शिक्षिका होती. तिच्या वर्गांतील मुलांनीं त्यानंतर किती दिवस आकाशाकडे पाहिलें असेल, याचा विचार आमच्यासारख्या शिक्षकाच्या मनांतून जात नाहीं. जेथें तयारीपेक्षां तारीख मोठी झाली आणि शिकण्यापेक्षां बक्षीस मोठें झालें, तेथें शर्यत ही शर्यत राहिली नाहीं, ती सोडत झाली.

आतां आपल्या माणसांच्या शर्यतीची हकीकत सांगतों. १९२९ सालच्या अखेरीस आगाखान यांनीं असें जाहीर केलें कीं, इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर जो हिंदी मनुष्य एकट्यानें विमान चालवून ठराविक मुदतींत प्रथम पार करील, त्यास ५०० पौंडांचें बक्षीस मिळेल. तिघे तरुण पुढें आले. रावळपिंडीकडील मनमोहन सिंग, कराचीचे अस्पी इंजिनीअर, आणि मुंबईचे जे. आर. डी. टाटा. टाटांचें वय पंचवीस होतें. १९२९ सालीं हिंदुस्थानांत दिलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांच्याच नांवाचा होता. अस्पी तर अवघे सतरा वर्षांचे, म्हणजे आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांचे थोरले भाऊ शोभावे असे होते.

या शर्यतीचें एक टोक कराची होतें. त्या काळीं सिंध प्रांत मुंबई इलाख्यांतच मोडत असे. १९४७ सालीं फाळणी झाली, आणि सिंधमधून निघालेलीं सहस्रावधि कुटुंबें कल्याण कँपाच्या लष्करी बराकींत येऊन राहिलीं. त्या वसाहतीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. तेव्हां उल्हासनगरच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या पणजोबांपैकीं कोणी कराचीच्या आकाशांत तें विमान उतरतांना पाहिलें असेल, तर त्यांत नवल नाहीं.

तीं विमानें ‘जिप्सी मॉथ’ जातीचीं, लांकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलीं होतीं. वैमानिकाचें डोकें उघड्यावर. जवळ बिनतारी यंत्र नाहीं. खालीं वाळवंट किंवा समुद्र. नकाशा गुडघ्यावर ठेवावयाचा व होकायंत्रावर भरंवसा टाकावयाचा. मनमोहन सिंग कराचीस पोहोंचले खरे, पण तोंवर मुदत उलटून गेली होती, म्हणून त्यांस बक्षीस मिळालें नाहीं. अस्पी २५ एप्रिल १९३० रोजीं लंडनजवळील क्रॉयडन येथून निघाले व पूर्वेकडे येऊं लागले. टाटा ३ मे रोजीं कराचीहून निघाले व पश्चिमेकडे जाऊं लागले. दोघे एकमेकांच्या समोरून येत होते. वाटेंत, ईजिप्तमध्यें अलेक्झांड्रियाजवळ अबूकीर येथील विमानतळावर टाटा उतरले, तों त्यांस अस्पी तेथें अडकून पडलेले आढळले. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि नवे येईपर्यंत त्यांस हालतां येत नव्हतें.

स्पार्क प्लग म्हणजे काय, हें लहान वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे. इंजिनाच्या सिलिंडरमध्यें पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण असतें. त्यांत ठिणगी पाडून तें पेटविणारी बोटभर लांबीची वस्तु म्हणजे स्पार्क प्लग. ज्या अंबरनाथांत एके काळीं विम्कोच्या आगपेट्या तयार होत असत, तेथील मुलांस ठिणगीचें महत्त्व आम्हीं अधिक काय सांगावें? काडी ओली असली कीं सार्‍या घराची चूल थांबते. प्लग बिघडला कीं उभें विमान थांबतें.

टाटांपाशीं जादा प्लग होते. ते त्यांनीं स्वतःच्या अडचणीसाठीं ठेविले होते. समोर उभा असलेला मुलगा त्यांचा प्रतिस्पर्धी होता. तो तेथें दोन दिवस अधिक पडून राहिला असता तर बक्षीस कोणाकडे गेलें असतें, हें दोघांनाहि ठाऊक होतें. ‘माझ्यापाशीं नाहींत’ असें म्हणावयाची गरजहि नव्हती. कांहीं न विचारतां, कांहीं न बोलतां आपल्या वाटेनें निघून जातां आलें असतें. टाटांनीं प्लग काढून दिले. अस्पी उडाले, ११ मे रोजीं कराचीस पोहोंचले, आणि थोड्या फरकानें शर्यत जिंकले. टाटा हरले.

येथें वाचकांची एक अपेक्षा असते, ती आम्ही मुद्दाम मोडूं इच्छितों. ‘परंतु शेवटीं देणाराच जिंकला’ असें गोष्टीच्या अखेरीस म्हणण्याची रीत आहे. तसें म्हणणें खरें होणार नाहीं. त्या शर्यतींत टाटा हरले ते हरलेच; बक्षीस गेलें तें गेलेंच. दिल्यानें कधीं कधीं हरावें लागतें, ही गोष्ट मुलांपासून लपवून त्यांस औदार्य शिकविणें म्हणजे त्यांची फसवणूक करणें होय. सांगावयाचें तें एवढेंच कीं, शर्यत ज्यासाठीं होती तें साधलें. हिंदी मनुष्य एकट्यानें एवढें अंतर उडून जाऊं शकतो हें सिद्ध करावयाचें होतें. तें दोघांनीं मिळून सिद्ध केलें. अस्पी पुढें हवाई दलांत गेले आणि १९६० ते १९६४ या काळांत भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादेस उतरून पेट्रोल घेतलें व मुंबईस जुहूच्या मैदानावर आले. त्या टपालसेवेंतूनच पुढें एअर इंडिया उभी राहिली. अबूकीरच्या मैदानांत ते प्लग खिशांतच राहिले असते, तर कदाचित् एका मुलाचें एक उड्डाण अपुरें राहिलें असतें. आणि देशाचें काय अपुरें राहिलें असतें, तें कोणी मोजावें?

आणखी एक शर्यत सांगतों, ती विशेषतः पालकांसाठीं आहे. १९३४ च्या ऑक्टोबरमध्यें इंग्लंड ते मेलबर्न अशी विमानांची मोठी शर्यत झाली. बक्षीस मेलबर्नमधील एका मिठाईच्या कारखानदारानें ठेविलें होतें, आणि अलाहाबाद हें तींतील सक्तीच्या मुक्कामांपैकीं एक होतें. एमी जॉन्सन व त्यांचे पति यांचें विमान कराचीपर्यंत सर्वांच्या पुढें होतें. परंतु पुढें वाट चुकून तें जबलपुरास उतरलें, तेथें मोटारबसचें पेट्रोल भरावें लागलें, इंजिनें बिघडलीं, व अलाहाबादेस त्यांस शर्यत सोडावी लागली. पहिले आलेले स्कॉट व ब्लॅक हे एकाहत्तर तासांत मेलबर्नास पोहोंचले. पण आमचें मन गुंततें तें दुसर्‍या आलेल्या डच विमानांत. त्याचें नांव ‘उइव्हर’. तें शर्यतीसाठीं बांधलेलें नव्हतें. रोजच्या वाहतुकीचें होतें, आणि त्यांत टपाल व उतारूहि बसले होते. मेलबर्न जवळ आलें असतां रात्रीच्या वादळांत त्याची वाट चुकली. खालीं अ‍ॅल्बरी नांवाचें लहानसें शहर होतें. तेथील लोकांनीं विमानाची घरघर ऐकली. कोणी गांवाचे विजेचे दिवे बंद-चालू करून तारेच्या संकेतांत गांवाचें नांव आकाशांत सांगितलें. कोणी नभोवाणीवरून हांक दिली कीं, ज्यांच्याकडे मोटारी असतील त्यांनीं घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर यावें. लोक पावसांतून आले, मोटारी ओळीनें उभ्या केल्या, आणि त्यांच्या दिव्यांच्या उजेडांत विमान सुखरूप उतरलें. सकाळीं तें चिखलांत रुतलेलें होतें, तेव्हां त्याच लोकांनीं दोर लावून तें ओढून काढलें. त्या लोकांस बक्षिसांतील एक पैहि मिळणार नव्हता. विमान त्यांच्या देशाचेंहि नव्हतें.

आतां आम्ही आपल्या वर्गांत येतों, कारण या सर्व गोष्टी सांगण्याचें धाडस आम्हीं ज्या कारणानें केलें तें कारण तेथें आहे. पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एका मुलास कावीळ झाली व तो सहा आठवडे अंथरुणाला खिळून होता. परत आला तेव्हां सहामाही परीक्षा तोंडावर होती. त्यानें वर्गांतील पहिल्या तीन क्रमांकांच्या मुलांकडे शास्त्राची वही मागितली. एक म्हणाला, वही घरीं आहे. दुसरा म्हणाला, हरवली. तिसरा प्रामाणिक होता, तो म्हणाला, "आईनं सांगितलंय, देऊ नकोस." त्या बाईंची भेट झाली तेव्हां आम्हीं थोड्या रागानेंच विषय काढला. त्या शांतपणें म्हणाल्या, "सर, पालकसभेत तुम्हीच नाही का म्हणालात, एका मार्कानं नंबर जातो म्हणून?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही तसें म्हणालों होतों. इतकेंच नव्हे, तर पहिलीपासून आम्ही सर्व शिक्षक मुलांस शिकवीत आलों आहों कीं, लिहितांना पेपरावर आडवा हात ठेवावा, शेजार्‍यास दिसूं देऊं नये. परीक्षेच्या तीन तासांपुरता हा नियम अगदीं योग्य आहे. पण मुलांनीं तो हात नंतर उचललाच नाहीं, आणि तो उचलावयाचा असतो हें आम्हीं त्यांस कधीं सांगितलेंहि नाहीं. हा दोष आम्ही आपल्या पदरीं घेतों.

त्या मुलाचें पुढें काय झालें? मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी आहे. तिचा क्रमांक आजवर पहिल्या वीसांत आलेला नाहीं. तिनें मधल्या सुटींत रोज एक धडा आपल्या वळणदार अक्षरांत उतरवून त्याला दिला. तो उत्तीर्ण झाला. फार गुण पडले नाहींत, पण वर्ष वांचलें. आणि एक गोष्ट आमच्या लक्षांत आली ती अशी कीं, त्या मुलीलाहि शास्त्रांत पूर्वींपेक्षां अधिक गुण मिळाले. एक धडा दोनदां लिहिल्यावर तो समजतो, यांत चमत्कार कांहीं नाहीं. परंतु तिला कमी गुण मिळाले असते, तरी आमचें मत बदललें नसतें.

पालक म्हणतील, सर, हें बोलणें गोड आहे. पण जागा थोड्या आहेत, अर्ध्या टक्क्यानें प्रवेश हुकतो, आणि आमच्यापाशीं टाटांची संपत्ति नाहीं. हें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. अंबरनाथच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा बाप, उल्हासनगरांत घरच्या घरीं शिलाईचें काम करणारी आई, बदलापुराहून पहांटेच्या गाडीला लोंबकळत नोकरीस जाणारा भाऊ, यांच्या कष्टांवरून आमच्या विद्यार्थ्यांचीं विमानें धांवतात. आरंभीं आम्हीं विचारलें होतें, ‘कोणाच्या मोलानें?’ तें मोल हेंच. तें देणार्‍यास आपलें मूल पुढें जावें असें वाटणें स्वाभाविक आहे व योग्य आहे. आम्ही शर्यत सोडावयास सांगत नाहीं. टाटाहि शर्यत सोडून बसले नव्हते. प्लग देऊन ते पुढें उडालेच. आम्ही इतकेंच विचारतों कीं, आजारी मुलाला वही न दिल्यानें जो एक गुण वांचतो, तो आपल्या मुलाच्या ज्ञानाचा असतो कीं त्या मुलाच्या कावीळीचा? दुसर्‍याचें विमान जमिनीवर अडकल्यामुळें मिळालेल्या विजयानें आपण किती उंच उडालों, हें कोणास समजणार?

म्हणून आम्हीं आमच्या वर्गापुरतें एक ठरविलें आहे. येत्या जूनपासून वर्गाच्या कपाटांत प्रत्येक विषयाची एक ‘वर्गाची वही’ राहील. ती पहिल्या दहा क्रमांकांच्या मुलांनीं पाळीपाळीनें लिहावयाची, आणि जो कोणी आजारपणानें, घरच्या अडचणीनें किंवा गांवीं गेल्यामुळें मागें पडेल, त्यानें ती न मागतां घ्यावयाची. मागावें लागूं नये, हें त्यांत मुख्य आहे. या कामास बक्षीस मात्र आम्ही ठेवणार नाहीं. ठेविलें तर मदत करण्याचीहि शर्यत लागेल, आणि मुलें आजारी विद्यार्थ्याची वाट पाहत बसतील. पालकांस आमची विनंती एकच. निकालाच्या दिवशीं ‘शेजारच्याला किती पडले?’ हा प्रश्न आपण विचारणारच. तो आम्हांलाहि सुटत नाहीं. पण त्याच्या जोडीस ‘यंदां तुझी वही कोणाच्या उपयोगी पडली?’ असेंहि विचारावें. अ‍ॅल्बरीच्या लोकांनीं आपल्या मोटारींचे दिवे परक्याच्या विमानासाठीं लावले. आपण आपल्याच वर्गांतील मुलासाठीं एवढें करूं शकूं.

सहावींतील त्या विद्यार्थ्याचें उत्तर अद्याप द्यावयाचें राहिलें. बाळ, विमानांच्या शर्यती होत असत, आणि आजहि कोठें कोठें होतात. त्या कशाला, असें तूं विचारलेंस. एकानें काय साधलें तें सर्वांनीं पाहावें व शिकावें, यासाठीं. तेवढ्यासाठीं नसतील, तर त्या नसलेल्या बर्‍या. तूं मात्र जरूर धांव, आणि जिंकण्यासाठींच धांव; पुढच्या वर्षीं शिट्टी वाजेपर्यंत आकाशाकडे पाहूं नको. पण वाटेंत कोठें अबूकीर लागलें, आणि तुझ्या खिशांत प्लग असले, तर क्षणभर थांब.